दुसऱ्या घरची लायब्ररी

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत हवामानाची नोंद ठेवणारं यंत्र बसवायचं होतं, तेही गोडी छाटणी उरकायच्या आत. छाटणीनंतर नवी फूट निघते, पानं कोवळी असतात. त्या दिवसांत परतीचा पाऊस किंवा दव पडून पानं तासन्‌तास ओली राहिली की डाऊनी हा रोग येतो आणि हातातोंडाशी आलेला घड जातो. पान किती तास ओलं होतं हे नेमकं कळलं, तर फवारणी कधी घ्यायची आणि कधी टाळायची हे बागायतदाराला आकड्यावरून ठरवता येतं. यंत्राचं सगळं मोल त्या एका आकड्यात होतं. हे आधीच सांगते, कारण पुढचे बारा दिवस मी ज्या चुकांशी झगडले, त्यांतली सगळ्यांत वाईट चूक नेमकी त्याच आकड्यावर येऊन बसली होती.

साल २०२२, सप्टेंबरचा शेवट. पुण्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात सी भाषेतलं काम माझ्याकडे. प्रोग्राम साधारण दोन हजार ओळींचा. आरएस-४८५ च्या तारेवरून मॉडबस या संवादपद्धतीने सेन्सर वाचायचे, तापमान आणि आर्द्रतेवरून दवबिंदू काढायचा, दर दहा मिनिटांनी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये नोंद टाकायची आणि रेंज मिळाली की ती पुढे पाठवायची. वाचायला एक थ्रेड (प्रोग्राममधला समांतर चालणारा धागा), पाठवायला दुसरा. लॅपटॉपला यूएसबीचा कन्व्हर्टर लावून मी तो पूर्ण चालवून पाहिला होता. उरलं होतं ते फक्त बोर्डावर नेणं, आणि त्यासाठी मी एक दुपार राखून ठेवली होती.

बोर्ड म्हणजे बीगलबोन ब्लॅक, यंत्रात बसणारा छोटा संगणक. त्यावर कॉर्टेक्स-ए८, म्हणजे ३२ बिटांचा आर्मव्ही७ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि डेबियन १० हे लिनक्स. माझा लॅपटॉप इंटेलचा, ६४ बिटांचा, त्यावर उबुंटू २२.०४, हेही लिनक्सच. सरळ बोर्डावरच कंपाइल का केलं नाही, असं कोणीही विचारेल. दोन हजार ओळी त्यावर मिनिटाभरात झाल्या असत्या. पण पुढे अशी यंत्रं वाढणार होती, शेतात ठेवलेल्या बोर्डावर कंपायलर आणि हेडर फाइली भरून ठेवायच्या नव्हत्या, आणि प्रत्येक यंत्रावर एकाच जागी बांधलेला तोच प्रोग्राम हवा होता. शिवाय शेवटी जी अडचण खरी ठरली, ती बोर्डावर कंपाइल करूनही सुटली नसती.

प्रोग्राम कसा बांधायचा हे ज्यात लिहिलेलं असतं त्या मेकफाइलमध्ये नेहमीच्या जीसीसी कंपायलरच्या जागी आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ-जीसीसी, म्हणजे लॅपटॉपवर बसून आर्मसाठी कंपाइल करणारा क्रॉस कंपायलर, लिहिला आणि मेक चालवलं. पहिली चूक लगेच आली: ‘रिलोकेशन्स इन जेनेरिक ईएलएफ, ईएम: ६२’ आणि खाली ‘फाइल इन राँग फॉरमॅट’.

हा ६२ कुठून आला हे शोधायला मी पंधरा मिनिटं घेतली, आणि ती सत्कारणी लागली. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलच्या, म्हणजे सोर्स कंपाइल होऊन बनलेल्या तुकड्याच्या, डोक्यावर, ईएलएफच्या हेडरमध्ये, ती कोणत्या प्रोसेसरसाठी आहे याचा क्रमांक असतो. एक्स८६-६४ चा ६२, ३२ बिटांच्या आर्मचा ४०, ६४ बिटांच्या आर्मचा १८३. म्हणजे असे तुकडे आणि लायब्ररी जोडून प्रोग्राम बनवणारा आर्मचा लिंकर मला सांगत होता की तू दिलेली फाइल इंटेलची आहे. आणि ती होतीच. कालच्या कंपाइलची मेन.ओ फोल्डरमध्ये तशीच पडून होती. सोर्स बदलला नव्हता म्हणून मेकने ती पुन्हा बांधली नाही, फक्त कंपायलर बदललाय हे मेकला कुठून कळणार? मेक क्लीन केल्यावर पुन्हा तीच चूक, आता फक्त एकाच फाइलवर. सेन्सरच्या उपफोल्डरमधल्या मेकफाइलमध्ये मी कंपायलरचं नाव चलात न ठेवता थेट ‘जीसीसी’ असं लिहून ठेवलं होतं. ते काढलं.

दुसरी चूक: ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल लिबमॉडबस.एसओ’ आणि मग ‘कॅनॉट फाइंड मायनस एलमॉडबस’. या दोन ओळी नेहमी जोडीने वाचाव्यात. दुसरी ओळ एकटी वाचली तर वाटतं की लायब्ररी मिळत नाही, रस्ता चुकलाय, अजून एक मायनस कॅपिटल एल (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारा फ्लॅग) जोडू. पहिली ओळ सांगते की त्या नावाची लायब्ररी लिंकरला सापडली, त्याने उघडून पाहिली, ती परक्या प्रोसेसरची निघाली म्हणून बाजूला ठेवली आणि पुढे शोधत राहिला. मीच मेकफाइलमध्ये लॅपटॉपच्या लायब्ररींचा रस्ता घालून ठेवला होता. तो काढून टाकला तरी आर्मची लिबमॉडबस लॅपटॉपवर नव्हतीच. पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीला बोर्डाचं आर्मएचएफ हे आर्किटेक्चर जोडून दिलं, पण एपीटी अपडेटला ४०४ च्या, म्हणजे ‘सापडलं नाही’च्या, रांगा. डेबियनमध्ये सगळी अधिकृत आर्किटेक्चरं एकाच सर्व्हरवर मिळतात, उबुंटूची आर्मएचएफ पॅकेजं मात्र ‘पोर्ट्‌स’ नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर असतात. सोर्सेसच्या यादीत जुन्या ओळींना एएमडी६४ पुरतं बांधून टाकायचं आणि आर्मएचएफसाठी पोर्ट्‌सची वेगळी ओळ द्यायची. ते केलं आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला प्रोग्राम लिंक झाला.

फाइल कमांडने पाहिलं: ३२ बिट, आर्म. बोर्डावर पाठवला, चालवला.

‘व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’.

या चुकीने माझे पुढचे तीन दिवस घेतले. प्रोग्राममध्ये मी कोणतीही नवीन सोय वापरलेली नव्हती. खात्रीसाठी नुसता ‘हॅलो’ छापणारा चार ओळींचा प्रोग्राम त्याच पद्धतीने बांधून नेला, तोही पडला. कारण असं. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची सी भाषेची मूळ लायब्ररी, आणि तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो. लिंक करताना लिंकर जी लायब्ररी समोर असेल तिच्यातला चालू शिक्का तुमच्या प्रोग्राममध्ये उमटवतो. मेन सुरू होण्याआधी जे फंक्शन चालतं, लिबसी_स्टार्ट_मेन, त्याला २.३४ या आवृत्तीत नवा शिक्का मिळाला. उबुंटू २२.०४ वर जीलिबसी २.३५ आहे, तिच्या क्रॉस कंपायलरसोबत येणारी आर्मची जीलिबसीही तीच. त्यामुळे तिथे लिंक केलेल्या कुठल्याही प्रोग्रामवर, तो चार ओळींचा असो की चार लाखांचा, किमान २.३४ चा शिक्का बसतोच. डेबियन १० वर जीलिबसी २.२८. नव्या लायब्ररीवर जुना प्रोग्राम चालतो, जुन्या लायब्ररीवर नवा प्रोग्राम चालत नाही.

म्हणजे मला बोर्डावरच्याच लायब्ररींशी लिंक करायचं होतं. मी आरसिंकने बोर्डाचे लिब आणि यूएसआर फोल्डर लॅपटॉपवर आणले आणि डॅश डॅश सिसरूट (याच फोल्डरला मूळ धरून लायब्ररी शोध, असं सांगणारा फ्लॅग) देऊन कंपायलरला ते दाखवले. तिथे एकामागून एक अशा अडचणी निघाल्या की प्रत्येकीचं मूळ आधीच्या अडचणीसारखं दिसायचं आणि वेगळंच असायचं. काही .एसओ फाइली म्हणजे खरी फाइल नसून सिमलिंक, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद, आणि तीही मुळापासूनचा रस्ता सांगणारी. बोर्डावर ‘/लिब’ म्हणजे बोर्डाचं लिब, माझ्या लॅपटॉपवर तोच रस्ता लॅपटॉपच्या लिबकडे जातो. त्या सिमलिंक सापेक्ष करून घेतल्या. मग लिबसी.एसओ. ही मी आजवर लायब्ररी समजत होते. उघडून पाहिली तर दोन-चार ओळींचा मजकूर! ती लिंकरसाठीची स्क्रिप्ट असते, खरी लिबसी.एसओ.६ कुठे आहे, सोबत कोणती स्थिर (प्रोग्रामच्या पोटातच जोडली जाणारी) लायब्ररी घ्यायची आणि लोडर (प्रोग्राम सुरू करताना बाकीच्या लायब्ररी जोडून देणारा) कोणता, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. सिसरूटच्या आतली स्क्रिप्ट असेल तर लिंकर त्या रस्त्यांच्या पुढे सिसरूट लावून घेतो. पण सिसरूट न सांगता नुसतं मायनस कॅपिटल एल देऊन त्याच फोल्डरकडे बोट दाखवलं, तर तो ते रस्ते लॅपटॉपवर शोधतो. मी घाईत दोन्ही गोष्टी दिल्या होत्या आणि कशाने काय होतंय हे मलाच कळेनासं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी मी फ्लॅग जोडणं थांबवलं आणि लिंकरलाच विचारलं. डब्ल्यूएल,डॅश डॅश ट्रेस दिलं की लिंकर उघडलेल्या प्रत्येक फाइलचा पूर्ण रस्ता छापतो. पन्नासेक ओळींची यादी आली. त्यात सीआरटी१.ओ, म्हणजे प्रोग्रामचा आरंभ जिथून होतो ती फाइल, सिसरूटमधून नव्हे तर लॅपटॉपवरच्या यूएसआर/आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ/लिब मधून आली होती. लिबसीही तिथूनच. उबुंटूच्या तयार क्रॉस कंपायलरमध्ये त्याचं स्वतःचं लायब्ररींचं फोल्डर शोधयादीत पक्कं बसवलेलं असतं आणि सिसरूट दिला तरी ते यादीत राहतं. मी तीन दिवस ज्याच्याशी लढत होते ते या एका यादीत स्वच्छ लिहिलेलं होतं.

पटवारी-तलाठ्यांच्या घरात वाढल्यामुळे मला तेव्हा सातबारा आठवला. जमीन कोणाची यावर बांधावर उभं राहून कितीही बोललं तरी उपयोग नसतो, उतारा काढावा लागतो. लिंकरच्या बाबतीतही प्रत्येक फाइलचा उतारा काढता येतो. रीडएल्फ मायनस एच सांगतो कोणत्या प्रोसेसरची, रीडएल्फ मायनस डी सांगतो तिला आणखी कोणाकोणाची गरज, एनएम सांगतो तिच्याकडे कोणती नावं आहेत आणि कोणती ती बाहेरून मागते. एनएमच्या यादीत ‘टी’ म्हणजे फंक्शन इथे आहे, ‘यू’ म्हणजे नाही, कोणीतरी द्यावं. त्या दिवसापासून मी प्रत्येक चुकीला आधी एकच प्रश्न लावला: ही फाइल कोणत्या घरची?

सिसरूट सोडून दिलं. त्याऐवजी डॉकरमध्ये डेबियन १० चा कंटेनर, म्हणजे लॅपटॉपच्या आतच एक वेगळं डेबियन, उभा केला, त्यात डेबियनचाच आर्मएचएफ क्रॉस कंपायलर घेतला आणि मॉडबस, एसक्यूलाइट वगैरेंची आर्मएचएफ डेव्हलपमेंट पॅकेजं बसवली. बोर्डावर जी जीलिबसी तीच कंटेनरमध्ये. कोणी मला विचारलं तर मी हाच रस्ता सुचवेन. सिसरूट हाताने बांधणं चुकीचं नाही, बिल्डरूट किंवा योक्टो ही साधनं तेच व्यवस्थित करून देतात, पण बोर्डावर साधा डेबियन असेल तर त्याच आवृत्तीचा डेबियन शेजारी उभा करणं यासारखं सरळ काही नाही.

कंटेनरमध्ये पहिल्याच फटक्यात ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टु पीथ्रेड_क्रिएट’. लॅपटॉपवर हेच बिनतक्रार लिंक होत होतं. २.३४ पासून पीथ्रेडची फंक्शनं मुख्य लिबसीमध्येच सामावून घेतली गेली, त्यामुळे नव्या उबुंटूवर मायनस पीथ्रेड विसरलं तरी खपून जातं. २.२८ मध्ये ती लायब्ररी वेगळी. मेकफाइलमध्ये एक शब्द वाढवला. दवबिंदूसाठी लागणारं लॉगरिदमचं फंक्शन, लॉग, मात्र आजही लिबएम या वेगळ्या गणिताच्या लायब्ररीतच आहे, ती मी सुरुवातीपासून दिलेली होती.

प्रोग्राम बोर्डावर चालला. तापमान आलं, आर्द्रता आली. सहावा दिवस होता.

आता पानाचा ओलावा. हा सेन्सर बनवणाऱ्या कंपनीने सेन्सरसोबत एक हेडर आणि एक .ए फाइल, म्हणजे स्थिर लायब्ररी, दिली होती, सोर्स नव्हता. सेन्सरकडून येणारा कच्चा आकडा आणि त्या वेळचं तापमान एका फंक्शनला द्यायचं, ते ओलावा टक्क्यांत परत देणार. दोन्ही आकडे डबल, म्हणजे दशांश आकड्याच्या प्रकाराचे, परतीचा आकडाही डबल. लॅपटॉपवर मी त्याच्या जागी एक खोटं फंक्शन लावून काम चालवलं होतं, कारण लायब्ररी फक्त आर्मची होती. ती आता पहिल्यांदा लिंकला दिली आणि चूक आली: ‘युझेस व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्‌स’ असं माझ्या प्रोग्रामबद्दल, ‘डझ नॉट’ असं त्यांच्या लायब्ररीबद्दल, आणि खाली ‘फेल्ड टु मर्ज टार्गेट स्पेसिफिक डेटा’.

प्रोसेसर तोच, ईएम क्रमांक ४० दोघांचाही. तरी लिंकर नाही म्हणत होता. फ्लॅग शोधायची जुनी सवय उसळून आली आणि मला डॅश डॅश नो-वॉर्न-मिसमॅच सापडला. नावावरून वाटलं की ही केवळ सूचना असेल, ती बंद करू. दिला. लिंक झालं. बोर्डावर नेलं. लायब्ररीच्या आवृत्तीचा क्रमांक देणारं फंक्शन बोलावून पाहिलं, क्रमांक बरोबर आला. ओलाव्याचं फंक्शन बोलावलं. ६१ टक्के.

सेन्सर माझ्या टेबलावर कोरडा पडलेला होता, पण पुण्यात त्या दिवशी पाऊस होता, खिडकी उघडी होती, हवा दमट होती. ६१ हा आकडा मला पटला. नोंदी सुरू केल्या आणि घरी गेले. त्या रात्री मला बरं वाटत होतं, हे आज आठवलं की अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निफाडहून बागायतदारांच्या मुलाचा फोन. “ताई, मशीन कधी येतंय? आमची छाटणी अर्धी झाली. आण्णा विचारतायत, पहिली फवारणी मशीन बघून घ्यायची का नेहमीसारखी?” मी म्हटलं, दोन दिवस द्या. फोन ठेवल्यावर वाटलं, सेन्सरवर एकदा पाणी तरी टाकून बघू. बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब टाकले. स्क्रीनवर आकडा आला ४३०. चारशे तीस टक्के ओलावा.

कच्चे आकडे छापून पाहिले. कोरड्या सेन्सरचा कच्चा आकडा ६१. ओल्याचा ४३०. फंक्शन काहीच करत नव्हतं, मी दिलेला आकडा मला जसाच्या तसा परत येत होता.

इथे मी दिवसभर दुसरं काही केलं नाही, कारण हे समजल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं होतं. ३२ बिटांच्या आर्मवर फंक्शनला दशांश आकडे देण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत ते प्रोसेसरमधल्या साध्या रजिस्टरांतून, म्हणजे आकडे ठेवायच्या कप्प्यांतून, जातात, आर० ते आर३. एक डबल दोन रजिस्टरं घेतो. ज्या आर्म चिपांत दशांश गणितासाठी वेगळी यंत्रणाच नव्हती, त्यांच्यावरही चालावं म्हणून ही रीत. नव्या रीतीत ते व्हीएफपीच्या, म्हणजे त्या दशांश गणिताच्या यंत्रणेच्या, रजिस्टरांतून जातात, डी०, डी१ असे. नावातलं ‘एचएफ’ म्हणजे हार्ड फ्लोट, ते हेच. डेबियनमध्ये जुनी रीत म्हणजे आर्मईएल आणि नवी म्हणजे आर्मएचएफ, ही नवी २०१३ च्या डेबियन ७ पासून अधिकृत झाली. पहिल्या रास्पबेरी पायसाठी २०१२ मध्ये रास्पबियन वेगळा बांधावा लागला तोही याच प्रश्नापायी. त्या चिपमध्ये व्हीएफपी होतं, पण ती आर्मव्ही६ होती आणि डेबियनचं आर्मएचएफ आर्मव्ही७ मागत होतं.

कंपनीची लायब्ररी जुन्या रीतीची. रीडएल्फ मायनस ए लावून माझ्या ऑब्जेक्ट फाइलचा उतारा काढला, त्यात ‘टॅग_एबीआय_व्हीएफपी_आर्ग्ज: व्हीएफपी रजिस्टर्स’ अशी ओळ होती. त्यांच्या लायब्ररीच्या उताऱ्यात ती ओळच नव्हती. ऑब्जडम्पने त्यांचं फंक्शन उघडलं, तर पहिल्याच सूचना व्हीमूव्हच्या: आर० आणि आर१ मधून उचलून डी१६ मध्ये टाक, आर२ आणि आर३ मधून पुढच्यात. म्हणजे माझा प्रोग्राम कच्चा आकडा डी० मध्ये ठेवून हाक मारत होता. त्यांचं फंक्शन आर० मधला भलताच कचरा उचलून त्यावर हिशोब करत होतं आणि उत्तर पुन्हा आर०, आर१ मध्ये ठेवत होतं. परत आल्यावर माझा प्रोग्राम उत्तर डी० मध्ये बघत होता, जिथे त्याने स्वतःच ठेवलेला आकडा कोणी हात न लावता तसाच पडून होता. आणि आवृत्तीचा क्रमांक बरोबर का आला? तो पूर्णांक होता. पूर्णांक दोन्ही रीतींत साध्या रजिस्टरांतूनच जातात.

तो ६१ चा आकडा तसाच बागेत गेला असता तर? कोरड्या पानाला यंत्राने रात्रभर ओलं म्हटलं असतं आणि आण्णांनी नको ती फवारणी घेतली असती. लिंकरने हे आधीच ओळखलं होतं आणि अडवलं होतं. त्याचं तोंड मी बंद केलं होतं. त्या दिवसापासून, कारण समजल्याशिवाय लिंकरची तक्रार दाबणारा कोणताही फ्लॅग मी मेकफाइलमध्ये ठेवत नाही आणि माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांनाही ठेवू देत नाही.

मग वाटलं, आपलाच प्रोग्राम जुन्या रीतीने बांधू. मायनस एमफ्लोट-एबीआय सॉफ्टएफपी दिलं, तर लिंकपर्यंत पोचायच्या आधीच हेडर मिळेना: ‘ग्नू/स्टब्ज-सॉफ्ट.एच’. आर्मएचएफच्या जीलिबसीत जुन्या रीतीचं काही नसतंच. फ्लॅगने माझा कोड बदलेल, पण बोर्डावरच्या मॉडबस, एसक्यूलाइट, लिबसी या सगळ्या नव्या रीतीच्या, त्या कशा बदलतील? एका प्रोग्रामच्या पोटात सगळ्यांची रीत एकच लागते.

कंपनीला फोन केला. त्यांच्या इंजिनिअरने नीट ऐकून घेतलं, हार्ड फ्लोटमध्ये बांधून देतो म्हणाले, पण त्याला दोन-अडीच महिने लागतील. छाटणी थांबणार नव्हती.

वाट सुचवली माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने. तो म्हणाला, “एका प्रोग्राममध्ये दोन रीती नांदत नाहीत ना? मग दोन प्रोग्राम कर.” कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, फ्लोटच्या रीतीशी देणंघेणं नसतं, ती फंक्शनाफंक्शनांतली गोष्ट. त्याच बोर्डावर एक प्रोग्राम नव्या रीतीचा आणि दुसरा जुन्या रीतीचा सुखाने चालू शकतो, बोलायचं फक्त मजकुरातून. मग चाळीस ओळींचा एक मदतनीस लिहिला. स्टँडर्ड इनपुटवरून कच्चा आकडा आणि तापमान वाचतो, कंपनीच्या लायब्ररीला विचारतो, टक्केवारी छापतो. तो आर्मईएलच्या कंपायलरने बांधायचा, मुख्य प्रोग्राम आर्मएचएफनेच, आणि मध्ये एक पाइप.

मदतनीस लिंक करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, तेही लायब्ररी समोर दिलेली असताना. एनएमने पाहिलं, फंक्शनापुढे ‘टी’ होता, म्हणजे ते आत होतं. हाताने लिहिलेल्या आज्ञेत मी .ए फाइल आधी आणि माझी .ओ नंतर दिली होती. लिंकर डावीकडून उजवीकडे एकदाच जातो. स्थिर लायब्ररी समोर येते तेव्हा त्या क्षणी जी नावं अडलेली असतील तेवढ्यांसाठीच तो तिच्यातून ऑब्जेक्ट उचलतो. तेव्हा काहीच अडलेलं नव्हतं, म्हणून त्याने काहीच उचललं नाही. मागणारा आधी, देणारा नंतर. दोन लायब्ररी एकमेकींकडून मागत असतील तर स्टार्ट-ग्रुप आणि एंड-ग्रुपच्या मध्ये त्या ठेवाव्या लागतात, इथे तशी गरज पडली नाही.

बोर्डावर नेल्यावर शेल म्हणालं: ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. एलएस केलं तर फाइल डोळ्यांसमोर, परवानग्याही बरोबर. हे नवख्या माणसाला रडवणारं आहे. जी फाइल नाही असं शेल म्हणतं ती ही फाइल नव्हेच. ती असते लोडर, ज्याचं नाव प्रोग्रामच्या आत लिहिलेलं असतं. फाइल कमांडने मदतनीसाचा लोडर दाखवला एलडी-लिनक्स.एसओ.३. बोर्डावर होता एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.३. लिंक करताना मायनस स्टॅटिक द्यायचं राहून गेलं होतं. स्थिर लिंक केला की लोडर लागतच नाही, जे हवं ते सगळं पोटातच. पुन्हा बांधला. कोरड्या सेन्सरवर ०, चार थेंबांनंतर ८७, फडक्याने पुसल्यावर हळूहळू खाली. त्या खाली येणाऱ्या आकड्याकडे मी बराच वेळ बघत बसले.

बाराव्या दिवशी आम्ही निफाडला होतो. मांडवाच्या तारेखाली, पानांच्याच उंचीवर आणि पानाच्याच तिरपेपणाने सेन्सर बांधला. आण्णांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग वाकून ओंजळीत ड्रिपचं पाणी धरलं आणि सेन्सरवर शिंपडलं. दहा मिनिटांनी नोंद आली तेव्हा ते तिथेच उभे होते. “पुसून बघू?” त्यांनी विचारलं, आणि धोतराच्या सोग्याने सेन्सर पुसून आणखी दहा मिनिटं थांबले.

डिसेंबरच्या मध्याला कंपनीची नवी लायब्ररी आली. हेडर उघडायच्या आधी मी रीडएल्फ मायनस ए चालवलं. व्हीएफपी रजिस्टर्सची ओळ होती. ती मुख्य प्रोग्रामात लिंक केली, पण मदतनीस लगेच काढला नाही. एक आख्खी रात्र दोघांनाही तेच कच्चे आकडे दिले आणि दोघांची उत्तरं शेजारी शेजारी दोन स्तंभांत लिहायला लावली. सकाळपर्यंत ७२ नोंदी झाल्या होत्या. दवाची रात्र होती, आकडे शून्यापासून नव्वदीपर्यंत चढून उन्हाबरोबर उतरले होते. दोन्ही स्तंभ चौथ्या दशांशापर्यंत सारखे. मग मेकफाइलमधून आर्मईएलच्या ओळी काढल्या.